टिपणीससरांचं शैक्षणिक असमाधान

वक्तृत्वाची ढाल यंदाही रोह्याच्या बाळ चौबळांच्या शाळेनं पटकावली, ही बातमी दिनानाथ टिपणीसांना पेणच्या बाजारात पोह्यांच्या दुकानात कळली. त्या दिवशी घरी जाडे पोहे आले. सांगितले होते पातळ. विमलताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ढालीचा निकाल लागला वाटतं."

ही ढाल म्हणजे तालुक्यातालुक्यांतल्या शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेची. जिंकणाऱ्या शाळेनं ती वर्षभर मुख्याध्यापकांच्या खोलीत लावायची आणि पुढच्या वर्षीची स्पर्धा आपल्याकडे भरवायची, असा नियम. गेली काही वर्षं ढाल रोह्याला गेली ती तिथलीच झाली होती. दर वर्षी पेणची मुलं एस.टी.नं रोह्याला जात, भाषणं करत, चहा-बिस्किटं खात आणि उत्तेजनार्थ प्रमाणपत्रं घेऊन परत येत. दिनानाथसरांना ‘उत्तेजनार्थ’ हा शब्द ऐकला तरी घशाशी आंबट येई.

त्यात बाळ चौबळ काही परका माणूस नव्हता. शिक्षणशास्त्राच्या वर्गात दोघं एका बाकावर बसलेले. गुण दिनानाथसरांना जास्त होते. ही गोष्ट विसरली जाऊ नये म्हणून ते ती अधूनमधून घरात सांगत. पण बाळला आवाज होता, उंची होती, आणि केस होते. केसांचा विषय दिनानाथसर काढत नसत. काढण्यासारखं डोक्यावर फारसं उरलंही नव्हतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे विमलताईंचं माहेर रोह्याचं. चौबळांच्या आणि त्यांच्या माहेरच्या परसामध्ये एकच भिंत. लहानपणापासून त्या त्याला ‘बाळदादा’ म्हणत. ‘दादा’ या शब्दानं नवऱ्याचं समाधान व्हायला हवं. इतरांचं झालंही असतं. दिनानाथसरांचं होत नसे.

"बाळदादा वर्गात आला ना, की पोरं आपोआप गप्प होतात म्हणे."

"माझ्या वर्गातही होतात."

"तुमच्या वर्गात तुम्ही छडी आपटता, मग होतात."

या भावनेला मत्सर म्हणणं सरांना मान्य नव्हतं. मत्सर हा हलक्या माणसांना होतो, आणि तो मुख्यतः जमिनीच्या वाटण्यांवरून होतो, असं त्यांचं मत. मराठीचे शिक्षक असल्यानं शब्दांची त्यांच्याकडे टंचाई नव्हती. त्यांनी स्वतःपुरतं या भावनेचं नाव ठेवलं होतं: शैक्षणिक असमाधान. आणि जाड्या पोह्यांच्या त्या दिवशी झोपाळ्यावर बसून स्वतःची समजूत घालताना त्यांच्या एकाएकी लक्षात आलं, की ‘मत्सर’ म्हटल्यावर आपली मान खाली जाते आणि ‘शैक्षणिक असमाधान’ म्हटल्यावर छाती फुगते. दुखणं तेच, औषध नाही ते नाहीच. नुसता शब्द बदलला, की माणूस बदलतो!

"सापडलं!" ते ओरडले.

"काय?" विमलताईंनी आतून विचारलं. "पातळ पोहे?"

पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा दहावीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘दारात एक म्हातारा बसला आहे.’ मग ‘म्हातारा’ पुसून ‘वृद्ध’ लिहिलं, ते पुसून ‘थेरडा’, आणि तेही पुसून ‘आजोबा’.

"आता सांगा, याला पाणी कोण देईल?"

"आजोबांना सगळेच देतील सर," मागच्या बाकावरून दत्तात्रेय म्हणाला. दत्तात्रेय हा नगरपालिकेतल्या एका शिपायाचा पुतण्या, आणि वर्गातला सर्वांत उत्साही मुलगा. उत्साह हा गुण आहे असं सर तोपर्यंत समजत होते.

"आणि थेरड्याला?"

"त्याला पहिला दारातून उठवायचा."

"वृद्धाला?"

"वृद्धाला मदत निधी जमवायचा सर."

वर्ग हसला. सर मात्र गंभीर झाले. "माणूस तोच ना? दार तेच?"

"तेच सर."

"मग बदललं काय?"

खिडकीजवळच्या बाकावरून सरू उठली. सरू गडब गावची; बाप केरू भातशेती करणारा. पोरगी रोज एस.टी.नं पेणला येई. ती हळूच म्हणाली, "आपण बदललो सर."

सरांच्या अंगावर काटा आला. असं उत्तर त्यांना उभ्या नोकरीत मिळालं नव्हतं. आणि काटा पुरता बसायच्या आतच मनात आलं, चौबळच्या वर्गात कुणी दिलं असेल का असं उत्तर? नसणारच. दिलं असतं तर विमलनं सांगितलं असतं.

यंदा ढालीसाठी सरूच उभी राहील, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. स्पर्धेचा विषय जाहीर झालेला होता: ‘माझ्या गावासाठी एक मागणं’. ऐकणाऱ्याचं मन वळवायचं होतं. मन वळवायचं तर शब्द तोलायला शिकलं पाहिजे. आणि तोलायचं शिकण्यासाठी सगळ्या वर्गाला सरांनी घरचा अभ्यास दिला. एक साधी गोष्ट घ्यायची आणि तिच्यावर छोटं भाषण लिहायचं, असं की ऐकणारा कळवळला पाहिजे, नाहीतर पेटून उठला पाहिजे. उदाहरण म्हणून त्यांनी सहज, डोळ्यांसमोर होतं म्हणून, स्वतःच्या घरापुढचं तुंबलेलं गटार सुचवलं.

इथेच त्यांचं चुकलं. शहाण्या माणसानं उदाहरण नेहमी दुसऱ्याच्या घरापुढचं द्यावं.

मुलांनी जीव ओतला. ‘तुंबलेलं गटार’ पहिल्याच दिवशी ‘कुजलेला नाला’ झालं, त्याचा ‘रोगराईचा पाट’ झाला आणि शनिवारपर्यंत त्याचं रूपांतर ‘पेणच्या उंबऱ्यावरचा नरक’ यात झालं. सर खूष होते. प्रत्येक भाषणाला ते शेरा देत होते, ‘भाव उत्तम, आणखी तीव्र करावा’. दत्तात्रेयनं तो इतका तीव्र केला, की त्याला ते भाषण नुसतं वहीत ठेवणं अन्यायाचं वाटू लागलं. "मन वळवायचं तर ज्याचं वळवायचं तो समोर नको का?" असं म्हणून मधल्या सुट्टीत तो अर्धा वर्ग घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर गेला आणि तिथे त्यानं भाषण केलं. बाजारचा दिवस होता. गर्दी जमली. ‘ज्या घरातून उद्याचे नागरिक घडवणारा शिक्षक रोज नाक दाबून बाहेर पडतो’ या वाक्याला टाळ्या पडल्या. एका भाजीवालीनं डोळ्यांना पदर लावला.

सोमवारी सकाळी आरोग्य निरीक्षक हैबतराव दोन माणसं, एक पहार आणि एक टेप घेऊन सरांच्या दारात हजर.

"नरक कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"अहो, तो अलंकार आहे," सर म्हणाले.

"अलंकार वगैरे आम्हाला समजत नाही. तोंडी तक्रार आली, जनक्षोभ झाला, साहेबांनी पाठवलं. आता ‘नरक’ या सदराखाली आमच्याकडे कारवाई नाही. ‘सार्वजनिक उपद्रव’ आहे. तो चालेल?"

शब्दांची ही तोड सरांना मनापासून आवडली. ‘उपद्रव’मध्ये ‘नरका’ची धग नाही पण अधिकार आहे, असं ते हैबतरावांना समजावून सांगू लागले. तोवर माणसांनी गटार उकरायला घेतलं होतं. उपद्रवाचा उगम शोधत शोधत पहार वरच्या अंगाला सरकली, कुंपण ओलांडून आत आली, तुळशीला वळसा घालून गेली आणि खण्णदिशी आपटली ती थेट टिपणीसांच्या मोरीच्या पाइपावर. तो पाइप सरांच्या वडिलांनी कधीतरी सोयीसाठी गटाराला जोडून दिला होता आणि आता मधोमध फुटला होता.

हैबतराव बराच वेळ पाइपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, नरक तुमचाच आहे."

नोटीस आली. मोरी बंद, नवी वाट काढून, तपासणी होऊन दाखला मिळेपर्यंत तिच्यात पाण्याचा थेंब सोडायचा नाही. दाखला देणारे साहेब रजेवर, आणि ते आले तेव्हा त्यांचा शिक्का दुरुस्तीला गेलेला. शेजारच्या इंदुबाई कुंपणापाशी उभ्या राहून सल्ला देऊ लागल्या, "मी म्हणते सर, पोरांना निबंध द्यायचा तर गाईवर द्यावा. गाय कधी नोटीस काढत नाही." पलीकडचे जनूभाऊ तलाठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, जे झालं ते भाषणानं झालं, तर आता दुसरं भाषण करवून ‘नरक’ मागे घ्यावा. तिसऱ्या दिवसापासून मराठीचे शिक्षक दिनानाथ टिपणीस खांद्यावर पंचा टाकून, बादली घेऊन, गल्लीतून इंदुबाईंच्या मोरीत आंघोळीला जाऊ लागले. वाटेत विद्यार्थी भेटत आणि नमस्कार करत. पंच्यावरच्या माणसाला नमस्कार स्वीकारताना कुठला भाव चेहऱ्यावर आणावा, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही.

विमलताईंनी दोन दिवस सोसलं. मग ट्रंक काढली.

"मोरी नाही त्या घरात बाईमाणसानं राहायचं कसं? दाखला आला की कळवा. मी रोह्याला जाते."

"रोह्यालाच कशाला?"

"मग कुठे जाऊ? माझं माहेर रोह्याला आहे."

"माहेर आहे, हे कबूल. पण भिंत..."

"कसली भिंत?"

"काही नाही," सर म्हणाले.

त्या गेल्या, आणि सरांचं शैक्षणिक असमाधान आता शाळेच्या हद्दीबाहेर पसरलं. इंदुबाईंच्या थंडगार मोरीत अंगावर पाणी घेताना त्यांना रोह्याचं परस दिसे, भिंत दिसे, भिंतीपलीकडून येणारा तो खर्जातला आवाज ऐकू येई. बाळदादा वक्तृत्वाबद्दल बोलतोय आणि विमल वाल सोलता सोलता ऐकतेय! आपली बायको आपल्याच मोरीनं शत्रूच्या गोटात नेऊन सोडली. आणि चौबळ नेमकं शिकवतो तरी काय? कसं? ढाल दर वर्षी जाते ती काय केसांवर जाते? याचा छडा लावलाच पाहिजे.

शनिवारी ते रोह्याला निघाले. शाळेत ‘सासुरवाडीला प्रकृती’ असं मोघम कारण दिलं. कुणाची प्रकृती ते सांगितलं नाही. गडब गेलं, नागोठणं गेलं, निडी गेलं, आणि रोह्याच्या स्टँडवर उतरल्यावर सासुरवाडीच्या रस्त्याला न वळता ते सरळ चौबळांच्या शाळेमागे जाऊन करंजाच्या झाडाआडून, दहावीच्या खिडकीखाली कान लावून उभे राहिले.

आत चौबळ विशेष काही शिकवत नव्हता. मुलांना उभं करून बोलायला लावत होता आणि ऐकत होता. मधूनच म्हणत होता, "हं, मग?" बस्स. ‘हं, मग?’! यावर ढाल? सरांनी नीट ऐकू यावं म्हणून टाचा उंचावल्या, आणि त्यांचं टक्कल खिडकीच्या चौकटीत उगवलं.

वर्गात खसखस पिकली. चौबळांनी वळून पाहिलं. सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाळ चौबळ म्हणजे बाळ चौबळ. त्यानं एका क्षणात हात जोडले.

"मुलांनो, उभे राहा. पेणचे टिपणीससर आपल्या वर्गाचं निरीक्षण करायला आले आहेत. शब्दांवर त्यांच्याइतकी पकड आपल्या जिल्ह्यात कुणाची नाही. सर, आत या. या मुलांना दोन गोष्टी सांगा."

‘डोकावताहेत’ म्हणाला नाही. ‘निरीक्षण’ म्हणाला! एका शब्दानं त्यानं चोराचा पाहुणा केला होता. सरांना हे कळलं, शब्दाचं मोलही कळलं, आणि तरीसुद्धा ते शब्दाला भुलले. खांद्यावरचं करंजाचं पान झटकून ते वर्गात गेले ते दोन गोष्टी सांगायला, आणि सांगितल्या सगळ्या.

आधी म्हातारा, वृद्ध, थेरडा, आजोबा. मग एका चुणचुणीत मुलीनं, वृंदा तिचं नाव, उभं राहून विचारलं, "सर, आमच्याकडे वाचनालयाला कायम कुलूप असतं. ते कसं सांगायचं?"

"काय शब्द वापरशील?"

"बंद."

"बंद म्हटलं की रागच येतो, आणि राग आला की माणूस वाद घालतो. दुसरा?"

"मिटलेलं?"

"वा! मिटलेलं म्हटलं की वाटतं उघडता येईल. पुस्तकही मिटतं, डोळाही मिटतो. आणखी जवळ जा."

"झोपलेलं," वृंदा म्हणाली.

"आता त्याला उठवायला कोण नाही म्हणेल?" सर गरजले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत सर असे रंगले, की जोराचा शब्द आधी खर्चू नये, शेवट मऊ शब्दानं करावा आणि त्याच्यापुढे श्वासभर थांबावं, हे पेणच्या मुलांनाही अजून न सांगितलेलं गुपित त्यांनी रोह्याच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून दिलं. घंटा झाली तेव्हा ते भानावर आले. मुलं वहीत उतरवून घेत होती.

"दिनानाथ, हे सगळं तू आम्हाला देऊन टाकलंस?" चौबळ हळूच म्हणाला. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. तेही त्याला शोभून दिसत होते.

"त्यात काय एवढं," सर म्हणाले. आणि फळा पुसायला फडकं शोधू लागले.

सासुरवाडीला पोचेपर्यंत बातमी त्यांच्याआधी पोचली होती. विमलताईंनी ताट वाढलं, वर तुपाची धार धरली. "बाळदादा म्हणत होता, असा तास त्यानं जन्मात ऐकला नाही."

सरांचा घास हातातच राहिला. क्षणभर फार बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तुला कधी म्हणाला?"

"आत्ताच. भिंतीवरून."

घास कडू झाला.

पेणला परतल्यावर सरांना एकच ध्यास. आपलीच विद्या आपल्यावर चालून येणार; तेव्हा सरूचं भाषण असं करायचं, की रोह्याची भिंत कोसळली पाहिजे. सरूचं मागणं साधं होतं. पेणहून सुटणाऱ्या जलद गाडीला गडबचा थांबा नव्हता. संध्याकाळी तिला वडखळला उतरून हमरस्त्यानं चालत घरी जावं लागे. सरांनी या चालण्याचं आधी ‘पायपीट’ केलं, मग ‘वनवास’, आणि शेवटी ‘रक्तबंबाळ पावलांची दारुण यातनायात्रा’. हे तिला पाठ करायला दिलं. शाळा सुटल्यावर तालीम सुरू झाली. सरूला न्यायला म्हणून केरूही आलेला, दाराशी उभा राहून ऐकत होता.

सरू अडखळली. "सर, माझे पाय रक्तबंबाळ नाय होत. चप्पल हाय माझ्याकडं."

"भाषणात नाही."

दारातून केरू म्हणाला, "रागावू नका सर, पन ह्या गावात कलला तर लोका बोलतील, केरूच्या पोरीला पायात चप्पल नाय. माझी अब्रू जाल ना."

सरांनी कपाळाला हात लावला. तिकडे चौबळ हसत असेल. तिकडे ती वृंदा श्वासभर थांबायचा सराव करत असेल. ते वैतागून म्हणाले, "मग तूच सांग! गाडी तशीच पुढे गेली, तू उशिरा घरी पोचलीस, की घरात काय बोलणं होतं?"

"आय विचारते, ‘आज पण थांबली नाय काय गो?’"

"आणि तू?"

"मी म्हनते, ‘विसरली आज.’" सरू जरा लाजली. "थांबली नाय म्हटला का आय गाडीवाल्यांना शिव्या घालते. विसरली म्हटला का हसते. बोलते, उद्या आठवल."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. मग त्यांनी ती यातनायात्रा, वनवास, सगळं पुसून टाकलं आणि फळ्यावर मधोमध एकच शब्द लिहिला: ‘विसरली’. तालीम संपेपर्यंत ते ओरडले नाहीत, छडी आपटली नाही. सरू बोलायची आणि अडली की ते म्हणायचे, "हं, मग?" हे आपण कुणाचं उचललं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. आलं असतं तर त्यांनी तालीमच बंद केली असती.

स्पर्धा रोह्याला, चौबळांच्या शाळेच्या सभागृहात. प्रमुख पाहुणे एस.टी.च्या आगारातले एक साहेब. पहिल्या रांगेत विमलताई बसलेल्या, नेमक्या चौबळांच्या आणि सरांच्या मध्ये. मोरीचा दाखला अजून आलेला नव्हता.

वृंदा उभी राहिली आणि वाचनालयाबद्दल बोलली. बंद, मिटलेलं, झोपलेलं. एकेक पायरी नेमकी. जोराचा शब्द जपून ठेवला. शेवटी श्वासभर थांबली आणि म्हणाली, "त्याला हळूच उठवा." सभागृहात सुई पडली तरी ऐकू आली असती. त्या शांततेत पहिली टाळी वाजली ती दिनानाथ टिपणीसांची. "अप्रतिम! बरोब्बर थांबली!" ते उठून म्हणाले, आणि मग आपण कुणाला टाळी दिली हे आठवून एकदम खाली बसले.

सरू आली. हात मागे घट्ट धरलेले. ती म्हणाली, आमच्या गडबला जलद गाडी थांबत नाय, असं आम्ही कधी बोलत नाय. आम्ही बोलतो, विसरली. तिला लांब जायचं असतं, डोक्यात शंभर गावं असतात, त्यात आमचं बारकं गाव एखाद्या दिवशी राहून जातं. विसरलेल्या माणसावर कुणी रागावत नाय. त्याला फक्त आठवण करून द्यायची असते. इथे ती थांबली. सरांनी मुठी आवळल्या.

"म्हणून आलेय," सरू म्हणाली, आणि नमस्कार करून खाली उतरली.

आगाराच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. विमलताईंनी सरांचा हात धरला, भर सभेत, चौबळांच्या देखत. एवढ्यावरच कार्यक्रम संपता तर सरांनी ढालसुद्धा सोडून दिली असती.

निकालात वृंदा पहिली, सरू दुसरी. परीक्षक म्हणाले, फरक केसभराचा. केसांचाच उल्लेख करायची काही गरज नव्हती, असं सरांना वाटलं. ढाल पुन्हा रोह्यात राहिली. ती घ्यायला चौबळ मंचावर गेला, माइकसमोर उभा राहिला आणि त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "या यशाचं श्रेय माझं नाही. माझ्या मुलांना शब्द तोलायला ज्यांनी शिकवलं, ते माझे मित्र, पेणचे..."

आणि वीज गेली.

माइक मुका झाला, पंखे थांबले, मागच्या रांगांतल्या पोरांनी रिवाजाप्रमाणे आरडाओरडा केला. पुढची दोन-तीन वाक्यं चौबळ मनापासून बोलला. ‘गुरू’ म्हणाला, ‘मोठ्या मनाचा माणूस’ म्हणाला. पण ते पोचलं फक्त पहिल्या रांगेपर्यंत. पहिल्या रांगेत सर, विमलताई आणि झोपलेले दोन परीक्षक होते. बाकीच्या सभागृहानं पाहिलं ते इतकंच, की अंधारात बाळ चौबळ ढाल घेऊन उभा आहे आणि टाळ्या पडताहेत.

"ऐकलंत ना, काय म्हणाला ते?" विमलताईंचे डोळे भरून आले होते.

"मी ऐकलं," सर म्हणाले. "गावानं ऐकलं का?"

संध्याकाळच्या गाडीनं सगळे परत निघाले. विमलताईही निघाल्या, मोरी नसली तरी आता घरी यायचं, असं त्यांनी आपणहून ठरवलं होतं. गाडी खचाखच भरलेली. सर खिडकीशी बसून मनातल्या मनात चौबळचं भाषण दुरुस्त करत होते. तो जर आधी नाव घेता आणि मग श्रेय देता, तर वीज जायच्या आत ‘टिपणीस’ होऊन गेलं असतं. एवढं साधं कळू नये त्याला? का कळून केलं?

नागोठणं मागे पडलं. सरू सवयीनं वडखळला उतरायच्या तयारीत दप्तर आवरत होती. एवढ्यात गाडी हळू झाली. कंडक्टरनं घंटा मारली आणि ओरडला, "गडबवाले उतरा! आहे का कुणी गडबचं?"

सरू जागच्या जागी खिळली.

"उतर पोरी. साहेबांनी निघताना सांगितलंय, जलद गाडी गडबला थांबवायची, जातानाही आणि येतानाही. आजपास्नं."

सरू दारापर्यंत गेली, पायरीवर थांबली आणि मागे वळून पाहिलं. "सर," एवढंच म्हणाली. पुढे तिला शब्द सापडला नाही. उतरली, आणि रस्त्याकडेच्या दुकानांतून माणसं बाहेर येऊन गाडीकडे बघू लागली.

"काय भानगड?" पुढच्या बाकावरच्या एका बाईनं विचारलं. "ही गाडी कधी थांबत नाही इथे."

"त्या पोरीनं आज रोह्याला भाषण केलं," कंडक्टर अभिमानानं म्हणाला. "साहेबांना पाणी आलं डोळ्यात. चौबळसरांची शिष्या आहे ना. ते शिकवतातच तसं."

दिनानाथसर उठले. विमलताईंनी सदरा ओढला, तो त्यांच्या हातातून निसटला.

"कोणाची शिष्या?" सर म्हणाले. "कंडक्टर, घंटा मारू नका. ती मुलगी पेणच्या शाळेची आहे. पेणच्या! तिला मी शिकवलंय. दिनानाथ टिपणीस माझं नाव. आणि तुम्ही वापरलात तो ‘शिष्या’ हा शब्द मी मान्य करतो, पण त्याच्या अलीकडचा शब्द चुकीचा आहे." आणि मग, वर्षानुवर्षं आत कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. पण काय आश्चर्य, ते आरडाओरडा करून नाही पडलं. सर हळू बोलत होते. शब्द तोलत होते. एक मुलगी रोज अंधार पडायच्या बेतात हमरस्त्यानं चालते, हे सांगितलं, तिनं रागाचा शब्द टाकून मायेचा कसा उचलला, हे सांगितलं, जोराचा शब्द जपून ठेवला, श्वासभर थांबले. गाडीत चिडीचूप झालं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. शेंगा खाणाऱ्यानं शेंग फोडायची थांबवली. त्या बाईनं पदर डोळ्यांना लावला.

"गाव कुणालाही विसरता येतं," सर शेवटी म्हणाले. "ज्यानं आठवण करून दिली, त्याला तेवढं विसरू नका."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्या गाडीनं वाजवली. खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या गडबच्या माणसांनीही, काही न कळता, वाजवली. विमलताई तोंडावर हात धरून नवऱ्याकडे बघत होत्या. आपल्याकडे त्या असं बघताना सरांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते खाली बसले. बाळ चौबळ ही व्यक्ती जगात आहे, याचा त्यांना त्या घटकेला पूर्ण विसर पडला होता.

कंडक्टरनं घंटा मारली. गाडी सुरू झाली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा डोळे पुसत शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "काय बोलला हो माणूस! मी ऐकून होतो, आज प्रत्यक्ष पाहिला. रोह्याचे चौबळसर ते हेच ना?"